टॅलीतली उधारी पिकाच्या मुदतीने: रिपोर्टचं साधन निवडतानाच्या नोंदी

अमळनेर, पारोळा आणि चोपडा अशी आमची तीन दुकानं. बियाणं, खतं, औषधं, पीव्हीसी पाइप आणि ठिबक. फर्म एक, जीएसटी नंबर एक, पण टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपन्या तीन, कारण प्रत्येक दुकान वेगळ्या वर्षी संगणकावर आलं. हिशेब आणि संगणक दोन्ही माझ्याकडे. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या कुणाला हेच काम करायचं असेल त्याला उपयोग व्हावा म्हणून त्या त्या दिवशी लिहिलेलं इथे देतो.

२७ ऑक्टोबर २०२५

दिवाळी आटोपली, कापूस घरात यायला लागला. अण्णांनी गादीवर बसल्या बसल्या विचारलं, "कोनाकडे कितलं बाकी शे अन् ते कव्हय येई, तेवढं सांग भो." म्हणजे कुणाकडे किती बाकी आहे आणि ते कधी येईल.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर टॅलीत आहे. दुसऱ्या अर्ध्याचं नाही, आणि सगळं काम त्यासाठीच आहे.

आत्ताची पद्धत अशी: तिन्ही दुकानांतून येणे बाकीचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढतात, व्हॉट्सॲपवर पाठवतात, दिवाणजी तो जोडतात. जोडून होईपर्यंत निम्मी वसुली येऊन गेलेली असते. शिवाय ३०, ६०, ९० दिवसांचे रकाने आमच्या धंद्याला लागूच पडत नाहीत. जूनमध्ये कपाशीचं बियाणं उधार नेलेला शेतकरी सप्टेंबरमध्येच ९० दिवसांच्या पुढे जातो. पण कापूस तर दसऱ्यानंतर विकला जाणार! त्याने काहीही चुकवलेलं नसतं. त्यामुळे सगळी यादीच थकबाकीची दिसते आणि खरोखर अडकलेली रक्कम त्या गर्दीत सापडत नाही.

आमचं देणं मात्र दिवसांवर चालतं. पाइपवाल्याला ४५ दिवस, औषधाच्या कंपनीला ठरलेली तारीख, खताचा माल तर बहुतेक आगाऊ पैशावर. येणं पिकावर, देणं दिवसांवर. ही दोन्ही कॅलेंडरं एका पानावर शेजारी शेजारी दिसली पाहिजेत. साधन निवडायचं ते यासाठी. रंगीत चकत्या आणि स्तंभ नंतर बघू.

३० ऑक्टोबर

चाचणी आधी ठरवली. ३० सप्टेंबर २०२५ अखेर प्रत्येक दुकानाच्या संड्री डेटर्सची, म्हणजे उधारीच्या ग्राहकांची, बाकी नव्या साधनात जी येईल ती टॅलीच्या ट्रायल बॅलन्सशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकीच्या तक्त्याशी, पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळेपर्यंत एकही आलेख काढायचा नाही.

रिपोर्ट बनवायच्या साधनांचे उमेदवार चार: एक्सेलमधली पॉवर क्वेरी, पॉवर बीआय, लुकर स्टुडिओ, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर मेटाबेस. हिशेबाचं सॉफ्टवेअरच बदलावं, झोहो बुक्स किंवा ईआरपीनेक्स्ट घ्यावं, हाही विषय निघाला. तो लगेच सोडला. ऐन वसुलीत तीन दुकानांच्या माणसांना नवी एंट्री शिकवणं म्हणजे बिलं कागदावर आणि कागद गल्ल्यात. सीए साहेबांकडेही सगळं टॅलीतच जातं.

पॉसमशीनवरून होणारी अनुदानित खताची विक्री आणि तिथला साठा हा वेगळा विषय आहे, तो या कामात घेतलेला नाही.

३ नोव्हेंबर

सुरुवात एक्सेलने, कारण ते सगळ्यांकडे आहे. तिन्ही कंपन्यांचं डे बुक (रोजच्या नोंदींची वही) निर्यात करून एका फोल्डरमध्ये टाकलं आणि पॉवर क्वेरीला फोल्डर दाखवलं. तीन फायली एकत्र करायला ते फार चांगलं आहे. दहा लाख ओळींची मर्यादाही आम्हाला लांब.

पहिला अडथळा मराठी नावांचा. सीएसव्ही सरळ डबल क्लिक करून उघडली तर पार्टीची नावं चौकोन आणि चिन्हांची झाली. पॉवर क्वेरीत फाइल घेताना फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडलं की सरळ होतात.

दुसरा अडथळा मोठा होता. अमळनेरची बाकी टॅलीपेक्षा कितीतरी कमी येत होती. कारण असं की ओपनिंग बॅलन्स म्हणून पुढे आणलेली बिलं व्हाउचरमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींत, नसतात. ती लेजरच्या (पार्टीच्या खात्याच्या) मास्टरमध्ये, म्हणजे खात्याच्या मूळ माहितीत, ओपनिंग बॅलन्सखाली बिलवार लिहिलेली असतात. डे बुक कितीही वेळा काढलं तरी ती येणार नाहीत. आणि आमची सगळ्यात जुनी, सगळ्यात काळजीची उधारी नेमकी तिथेच आहे. डे बुकवर रिपोर्ट बांधणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं. मास्टर वेगळे काढावेच लागतात.

८ नोव्हेंबर

हाताने निर्यात करण्यापेक्षा टॅलीकडून थेट माहिती घ्यायचं ठरवलं. टॅली प्राइमच्या सेटिंगमध्ये कनेक्टिव्हिटीत जाऊन सर्व्हर म्हणून चालू केलं की ते ९००० नंबरच्या पोर्टवर एक्सएमएलमध्ये उत्तर देतं. कंपनी उघडलेली असावी लागते. या माहितीतून पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये टेबलं भरणारी मुक्त साधनं तयार मिळतात. ती वापरली तरी आत काय चाललंय ते माहीत असावं. आमचा वेळ ज्यात गेला त्या गोष्टी:

नावेची रक्कम एक्सएमएलमध्ये उणे येते, जमेची अधिक. आपल्या डोक्यातल्या हिशेबाच्या उलट. चिन्ह एकाच जागी, टेबल भरतानाच फिरवून घ्यावं. प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळं फिरवलं की कुठेतरी राहतंच.

तारीख २०२५०९३० अशी सलग येते. ती मजकूर म्हणून न ठेवता तारीख म्हणूनच साठवावी.

काही ठिकाणी, उदाहरणार्थ 'प्रायमरी' किंवा 'नॉट ॲप्लिकेबल' या शब्दांच्या आधी, क्रमांक ४ चं नियंत्रण-चिन्ह असतं. एक्सएमएलच्या नियमात ते बसत नाही, त्यामुळे वाचणारा प्रोग्राम मध्येच थांबतो आणि चूक भलत्याच ओळीवर दाखवतो. वाचण्याआधी ते चिन्ह शोधून काढून टाकावं.

पार्टीच्या नावावर जोडणी करू नये. दिवाणजी नाव दुरुस्त करतात, गाव जोडतात, आणि जोडणी तुटते. प्रत्येक लेजरला जीयूआयडी, म्हणजे टॅलीने दिलेला ओळख-क्रमांक असतो, तो नाव बदललं तरी बदलत नाही. किल्ली म्हणून तोच घ्यावा.

या पोर्टला वेगळा पासवर्ड नाही. दुकानाच्या वायफायवर जो कुणी असेल तो विचारू शकतो. म्हणून विंडोज फायरवॉलमध्ये फक्त माझ्या संगणकाला परवानगी ठेवली. ही पायरी कुणी गाळू नये.

१२ नोव्हेंबर

अमळनेर आणि पारोळा जुळलं. चोपड्यात फरक राहिला. काही ऑप्शनल व्हाउचर होती, म्हणजे भाव ठरण्याआधी लिहून ठेवलेली बिलं. ती टॅली खात्यात धरत नाही, आमची क्वेरी (डेटाबेसमधून आकडे काढायची आज्ञा) धरत होती. रद्द केलेली व्हाउचरही तशीच. दोन्हींची खूण माहितीत असते, ती बघून वगळली. तरी ४८,६०० रुपये उरले. चोपड्याच्या ताईंना फोन केला. त्यांनी रजिस्टर न उघडताच सांगितलं, "पुढच्या तारखेचा चेक आहे तो, केळीवाल्यांचा." पोस्ट-डेटेड म्हणून नोंद होती, तारीख येईपर्यंत टॅली ती बाकीतून वजा करत नाही. तीही खूण लावली.

तिन्ही दुकानं पैशापर्यंत जुळली. आता कुठलंही साधन लावा, पाया पक्का आहे.

१७ नोव्हेंबर

पॉवर बीआय डेस्कटॉप. फुकट उतरवता येतं, पोस्टग्रेसला जोडता येतं, आणि दोन तारखांमधला हिशेब मांडायला त्याच्यासारखं दुसरं मी पाहिलेलं नाही. माझ्या एकट्याच्या संगणकावर बघायचं असतं तर शोध इथेच संपला असता.

पण बघायचंय पाच जणांना. त्याच्या ऑनलाइन सेवेत खातं उघडायला कामाचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. आमचे सगळे पत्ते जीमेलचे. आणि रिपोर्ट वाटायचा तर बनवणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही प्रो परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याचा जाहीर दर माणशी महिना १४ डॉलर आहे, म्हणजे पाच जणांचे ७० डॉलर, दर महिन्याला. शिवाय दुकानातल्या डेटाबेसमधून माहिती वर न्यायची तर गेटवे, म्हणजे डेटाबेस आणि सेवा यांना जोडणारा प्रोग्राम, चालवायचा आणि तो संगणक चालू ठेवायचा. वसुलीचे तीन महिने सोडले तर अण्णा रिपोर्ट आठवड्यातून एकदा बघणार. त्या मानाने खर्च जास्त.

'पब्लिश टू वेब' हा फुकटचा रस्ता आहे असं धाकटे भाऊ कुठूनतरी ऐकून आले होते. तो रिपोर्ट सगळ्या जगाला उघडा होतो. त्यात शेतकऱ्यांची नावं, गावं, मोबाइल, कुणाकडे किती बाकी हे सगळं आहे. गावात माणसाची पत हीच त्याची पुंजी असते. त्याची बाकी उघड्यावर टाकायचा आम्हाला काहीही अधिकार नाही. विषय तिथेच बंद.

२१ नोव्हेंबर

लुकर स्टुडिओ. २०२२ पर्यंत याचं नाव डेटा स्टुडिओ होतं. फुकट, मोबाइलवर उघडतं, गूगल शीटवरून सहज चालतं. गावनिहाय बाकीचं पान पटकन तयार झालं. अडचण अशी की मधली शीट कुणीतरी रोज भरत राहायची, आणि शीटमध्ये कुणीही बोट लावून आकडा बदलू शकतो. पैशापर्यंत जुळवलेली बाकी पुन्हा हाताळण्याजोगी करणं मला पटलं नाही. नावं-मोबाइल नसलेला, फक्त गावाचे एकूण आकडे असलेला रिपोर्ट हवा असेल त्याने हे जरूर वापरावं.

२६ नोव्हेंबर

साधनं बाजूला ठेवून आज माहितीच उघडून बसलो, कारण जुळलेल्या बाकीतूनही वयवारी, म्हणजे कुठली बाकी किती जुनी, ती चुकीची निघत होती. ही नोंद लांब आहे, पण सगळ्या कामाचा गाभा हाच.

पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याचं खातं. २०२४ च्या हंगामात तीन बिलं: १८,४००, ९,७५० आणि ६,३००. बेरीज ३४,४५०. जानेवारीत कापूस विकून त्यांनी ३०,००० रोख आणून दिले. पावती करताना बिलाचा संदर्भ न देता 'ऑन अकाउंट' टाकलं, कारण काउंटरवर गर्दी होती आणि तसं टाकलं की एंट्री पटकन होते. खरी जुनी बाकी ४,४५०. पण रिपोर्टला तिन्ही बिलं उघडीच दिसतात, आणि ते सांगतो: ३४,४५० वर्षापेक्षा जुने. तीस हजार वेगळ्या ओळीत, बिनवयाचे पडून. एकूण बाकी बरोबर, वय साफ चूक. चोख व्यवहाराचा माणूस थकबाकीदारांत पहिल्या पानावर!

अशी खाती भरपूर निघाली. दोन उपाय होते. एक, क्वेरीतच जमा रक्कम जुन्या बिलापासून क्रमाने वळती करायची. वर ३०,००० मधून पहिली दोन बिलं मिटतात, तिसऱ्याचे १,८५० वळते होतात आणि ४,४५० उरतात. गणित चोख. पण दिवाणजींनी थांबवलं. "पार्टी म्हणते हे पैसे पाइपाचे, बियाण्याचं बिल मी देणार नाही, ते उगवलंच नाही. तुझं मशीन त्याच बिलात वळतं करेल." बरोबर आहे. वादातलं बिल आपोआप मिटवणं म्हणजे वादच पुसून टाकणं.

म्हणून ठरवलं: चालू वर्षाच्या पावत्या टॅलीतच उघडून बिलाच्या संदर्भाने वळत्या करायच्या. मागच्या वर्षांच्या क्वेरीत क्रमाने, पण वादातल्या बिलांना खूण लावून वगळायचं, आणि असं वळतं केलेल्या आकड्यावर रिपोर्टमध्ये फुली दाखवायची. यापुढे काउंटरवर 'ऑन अकाउंट' बंद. गर्दीत घेतलीच तर संध्याकाळी गल्ला मोजताना वळती करायची.

दुसरी गाठ एकाच माणसाच्या दोन खात्यांची. तो पारोळ्यातून बियाणं नेतो आणि अमळनेरातून पाइप. पाटील आडनावाची खाती तर शेकड्यांनी. मोबाइल नंबरवरून जोडावं म्हटलं तर बाप-लेकांचा नंबर एकच निघतो. शेवटी नंबर, गाव आणि नाव मिळून संभाव्य जोड्यांची यादी छापली आणि दिवाणजींनी लाल पेनने खुणा केल्या. हे काम कुठलंही साधन करणार नाही, आणि याला लागला तेवढा वेळ बाकी कशालाच लागला नाही.

४ डिसेंबर

मुदतीचं कोडं टॅलीतच अर्धं सुटलं. बिल करताना क्रेडिट पिरियडच्या (उधारीच्या मुदतीच्या) जागी दिवसांऐवजी तारीखही लिहिता येते, आणि येणे बाकीचा रिपोर्ट बिलाच्या तारखेऐवजी देय तारखेवरून वयवार लावता येतो. आम्ही तारखा अशा ठरवल्या: कपाशीसाठी ३१ जानेवारी. हरभरा, गहू, मका या रब्बीसाठी ३० एप्रिल, म्हणजे आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) हिशेब होऊन जातो. केळीत मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) पुढच्या वर्षीची ३१ ऑगस्ट, कांदेबागेला (पावसाळ्यानंतरची लागवड) पुढच्या वर्षीची ३१ डिसेंबर. एकाच शेतकऱ्याची कपाशीही असते, केळीही असते, म्हणून तारीख पार्टीला न लावता बिलाला लावायची.

ठिबक यात बसत नाही. शेतकरी अनुदान खात्यात जमा झाल्यावर पैसे देतो, आणि ते कधी जमा होईल हे आपल्या हातात नाही. राज्याची पूरक रक्कम धरून अल्प-अत्यल्पभूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान बसतं, म्हणजे रक्कम मोठी असते. त्या बिलांचा 'अनुदानावर' असा वेगळा गट केला. त्यांना खोटी तारीख लावली तर पुढचा सगळा अंदाज बिघडतो.

ज्यांचं एकच दुकान आहे त्यांनी एवढंच करावं. वेगळ्या साधनाची त्यांना गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१० डिसेंबर

मेटाबेस. मुक्त आवृत्ती जावावर चालते, ब्राउझरमध्ये ३००० पोर्टवर उघडते, बघणाऱ्यांच्या संख्येला पैसे नाहीत. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर बसवलं. रॅम ८ वरून १६ जीबी केली, इन्व्हर्टरवर जोडलं.

सुरुवातीला ते स्वतःचे डॅशबोर्ड आणि वापरकर्ते एच२ नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ती सोय फक्त चाखून बघण्यापुरती आहे. वीज गेली आणि फाइल बिघडली तर सगळी मांडणी गेली. पहिलं पान बनवायच्या आधीच ते पोस्टग्रेसवर वळवलं आणि रात्रीचा बॅकअप लावला.

मूळ सेटिंगमध्ये स्वल्पविराम दर तीन आकड्यांवर पडतो. १,२३४,५६७ बघून अण्णा विचारतात, हे बारा लाख की एक कोटी? क्वेरीतच लाखाने भागून 'लाखात' असा रकाना केला. लहानशी गोष्ट आहे, पण याशिवाय त्यांनी ते पान उघडलं नसतं.

दुकानातल्या माणसाला फक्त आपल्या दुकानाचं दिसावं म्हणून तीन दुकानांचे तीन संग्रह केले आणि गटानुसार परवानगी दिली. साधन ठरलं: रोजचं बघायला मेटाबेस, आणि महिन्यातून एकदा ट्रायल बॅलन्सशी ताळा घ्यायला एक्सेलची पॉवर क्वेरी.

१८ डिसेंबर

एकत्र विक्री फुगलेली दिसली. अमळनेरातून चोपड्याला गेलेला माल एका कंपनीत विक्री आणि दुसऱ्यात खरेदी म्हणून लिहिला जातो. जीएसटी नंबर एकच, त्यामुळे ती मुळात विक्रीच नाही. आपल्याच दुकानांच्या लेजरना 'शाखा' अशी खूण लावून एकत्र रिपोर्टमधून वजा केलं.

ठिबकची विक्री सप्टेंबरनंतर घसरल्यासारखी दिसत होती. संच तेवढेच गेले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आणि आमचा रिपोर्ट करासकट बिलाची रक्कम घेत होता. आता विक्री म्हणजे फक्त विक्री लेजरची करविरहित रक्कम. हंगाम संपताना परत आलेलं बियाणं-औषध क्रेडिट नोटमधून (परत मालाच्या जमेच्या नोंदीतून) वजा होतं की नाही हेही तेव्हाच तपासलं.

२७ डिसेंबर

देण्याची बाजू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. आमचे पाइपचे काही पुरवठादार या वर्गात येतात. त्यांची उद्यम (उद्योगाच्या सरकारी नोंदणीची) प्रमाणपत्रं मागवली, लेजरमध्ये वर्ग लिहिला. घाऊक व्यापारी यात येत नाहीत, उत्पादक आणि सेवा देणारे येतात. म्हणून फक्त प्रमाणपत्र बघून भागत नाही, त्यावरचा व्यवसायाचा प्रकारही बघावा लागतो.

मग ते पान बनवलं ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. ओळीत आठवडे. एका रकान्यात पिकाच्या मुदतीने येणारी रक्कम, शेजारी दिवसांच्या मुदतीने द्यायची, पुढे दोन्हींतला फरक आणि बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये (उचल घ्यायच्या मर्यादेत) उरलेली जागा. अनुदानावरची ठिबकची रक्कम खाली वेगळी, बेरजेत नाही. अण्णांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. जानेवारीअखेरचा कापसाचा पैसा मार्चच्या देण्याला पुरतो, पण मे-जूनमध्ये नवं बियाणं भरायला पुरत नाही, हे त्यांनी माझ्याआधी पाहिलं. पुढच्या खरिपाची बँकेची मर्यादा आत्ताच बोलून घ्यायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

९ जानेवारी २०२६

वसुलीला जाणाऱ्या काकांना मोबाइलवरचं पान नको आहे. त्यांना कागद हवा, गावाच्या क्रमाने, मोटारसायकलच्या रस्त्याप्रमाणे. तशी यादी मेटाबेसमधून उतरवून एक्सेलमध्ये मोठ्या अक्षरात छापतो: नाव, पीक, मुदत, बाकी, आणि शेवटी एक कोरा रकाना. त्यात ते लिहून आणतात: 'कापूस अजून घरात', 'संक्रांतीनंतर', 'बिलाचा वाद'. हे शेरे मी परत टेबलात भरतो, आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज सुधारतो.

खर्च: रॅम आणि इन्व्हर्टरची बॅटरी मिळून पंधरा हजारांच्या आत. सॉफ्टवेअरचा महिन्याचा खर्च शून्य, पण देखभाल माझ्याकडे. ज्यांच्याकडे असं कुणी नाही त्यांना परवान्याचे पैसे भरून तयार सेवा घेणं स्वस्त पडेल.

राहिलेलं काम: चोपड्याच्या जुन्या 'ऑन अकाउंट' पावत्या, वादातल्या बिलांवर अण्णांचा निर्णय, आणि ३१ जानेवारी उलटल्यावर कपाशीच्या मुदतीप्रमाणे प्रत्यक्ष किती आलं त्याचा ताळा. तो आकडा आला की पुढची नोंद टाकतो.